दारात केसवर्कर आली तर: न्यू जर्सीतल्या आईबाबांसाठी

मंगळवारची संध्याकाळ, पावणेसहाची वेळ. कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई उभी, हातात वही. राज्याच्या बालसंरक्षण विभागाकडून आलेय, तुमच्या मुलाबद्दल बोलायचंय, असं ती म्हणाली. आणि मी काय म्हणाले असेन? "या ना आत. चहा टाकू?"

पुढचे दोन महिने ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. चहा विचारण्यात गैर काहीच नाही. पण दारात आलेल्या माणसाला आत घेणं ही आपली रीत, आणि इथल्या कायद्यात तीच संमती धरली जाते. दुसरी आपली खोड अशी की सरकारी माणूस दिसला की मान तुकवायची आणि पुढे येईल त्या कागदावर सही ठोकायची. आमच्या घरी त्या दिवशी दोन्ही गोष्टी झाल्या.

प्रकरण एवढंसं होतं. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. पोळ्या चालू असताना तव्याच्या कडेला हात लागला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला चिंचोक्याएवढा डाग पडला. थंड पाणी, मलम, विषय संपला. सासूबाई तेव्हा इथे आल्या होत्या आणि त्यांचं पालुपद ठरलेलं: "लांब हो, नाहीतर चटका बसेल हं!" शाळेत बाईंनी विचारलं, हे काय झालं? चिरंजीव म्हणाले, "आजी सेज आय विल गेट चटका." चटका म्हणजे काय? "बर्न." बाईंनी फोन केला. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. न्यू जर्सीत मुलाला इजा होत असल्याचा वाजवी संशय आला तर कळवणं शिक्षक-डॉक्टरांनाच काय, प्रत्येक माणसाला कायद्यानं बंधनकारक आहे.

आमची तक्रार शेवटी निराधार ठरली. पण त्या काळात जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर निम्म्या रात्री तरी झोप लागली असती, म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही. आणि हे सगळं न्यू जर्सीपुरतं आहे. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. टेक्ससमध्ये, उदाहरणार्थ, २०२३ पासून तपास सुरू करतानाच पालकांना त्यांचे हक्क सांगावे लागतात. इथे तशी अपेक्षा ठेवून बसू नका.

एक शब्दाचा घोळ आधी सोडवते. सगळे 'सीपीएस' (चाइल्ड प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस) म्हणतात, पण न्यू जर्सीत या खात्याचं नाव डीसीपी अँड पी, म्हणजे डिव्हिजन ऑफ चाइल्ड प्रोटेक्शन अँड पर्मनन्सी. २०१२ पर्यंत ते डीवायएफएस होतं, आणि जुनी माणसं अजून 'डायफस' म्हणतात. शेजारची बाई "डायफस आलं होतं का?" असं विचारेल तेव्हा ती याच खात्याबद्दल बोलत असते.

१. दारातच विचारायच्या चार गोष्टी

तक्रार गंभीर वाटली तर केसवर्कर लगेच येते, नाहीतर चोवीस तासांच्या आत. फोन करून येईलच असं नाही; बहुतेक वेळा अचानकच येते. दार उघडून उंबऱ्यावर उभं राहून बोलायला काहीच हरकत नाही. शांतपणे हे विचारा:

तुमचं नाव काय, कुठल्या ऑफिसमधून आलात, सुपरवायझर कोण? ओळखपत्र बघा, कार्ड मागा, फोटो काढून ठेवा.

तक्रार नेमकी काय आहे? हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बालअत्याचार प्रतिबंधाचा जो केंद्रीय कायदा १९७४ मध्ये झाला, त्यात २००३ च्या दुरुस्तीनं अशी अट आली की पहिल्याच भेटीत आरोपांची कल्पना द्यायची. तक्रार कुणी केली हे मात्र सांगणार नाहीत. ते शोधण्यात एक मिनिटही घालवू नका. आमचे हे आठवडाभर सोसायटीतल्या एका गृहस्थाकडे संशयानं बघत होते. तो बिचारा दिवाळीला आम्हाला चकल्या देऊन गेला.

तुमच्याकडे कोर्टाची ऑर्डर आहे का? असेल तर वाचा आणि आत येऊ द्या. तिथे अडवाअडवी करायची नाही.

ऑर्डर नसेल तर मी आत्ता 'नाही' म्हणाले तर काय होईल? हा प्रश्न मला कधी सुचलाच नाही, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेच्या घटनेच्या चौथ्या दुरुस्तीनुसार संमती, कोर्टाचा आदेश किंवा तातडीचा धोका, यांपैकी काहीतरी असल्याशिवाय सरकारी माणसाला घरात शिरता येत नाही. हे केसवर्करलाही लागू आहे. पेनसिल्व्हेनियातल्या डॉफिन काउंटीच्या एका खटल्यात निनावी फोनवरून रात्री घरात शिरून सात वर्षांच्या मुलीचं अंग तपासलं गेलं होतं. १९८९ मध्ये फेडरल अपील कोर्टानं त्या पोलिसाला आणि केसवर्करला 'आम्हाला कायदा स्पष्ट नव्हता' ही पळवाट दिली नाही. त्या कोर्टाचे निकाल न्यू जर्सीलाही लागू होतात.

आता व्यवहाराची बाजू. 'नाही' म्हणायचा हक्क आहे म्हणून म्हणावंच असं नाही. नकार दिलात तर ते कोर्टात जाऊन आदेश आणू शकतात, आणि जजसमोर तुमची ओळख 'दार न उघडणारे पालक' अशी होते. मला विचाराल तर मधला रस्ता बरा: "आम्हाला सहकार्य करायचंय. आधी वकिलाशी बोलतो, उद्या संध्याकाळी सहाला या." मूल दारात आणून दाखवा, ठणठणीत आहे हे बघू द्या. त्यानं त्यांची अर्धी घाई कमी होते.

२. आत घेतलंत तर

केसवर्कर बाई फ्रिज उघडून बघतात. मुलं कुठे झोपतात, स्मोक अलार्म चालतो का, औषधं आणि कपाटातलं फिनेल मुलांच्या हाताला लागतं का, हे बघतात. मूल आईबाबांजवळ झोपतं हे सांगायला लाजू नका, पण तान्हं बाळ असेल तर त्याचा पाळणा दिसू द्या. घर आरशासारखं लखलखीत लागत नाही. भांडी सिंकमध्ये असली तरी चालतात.

घरातल्या प्रत्येक मुलाला बघायचं असतं, आणि प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचं असतं. आजी-आजोबांशीही. आणि इथेच आमच्या घोड्यानं पहिल्यांदा पेंड खाल्ली.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. केसवर्करनं विचारलं, तुम्ही कधी त्याला मारता का? त्या सरळ बाई, म्हणाल्या, "अगं, एखादा धपाटा घातला तर काय झालं?" आमच्या ह्यांनी तत्परतेनं भाषांतर केलं: "शी बीट्स हिम समटाइम्स, बट लव्हिंगली." केसवर्करचं पेन हवेत थांबलं. भारतातल्या इंग्रजीत 'बीटिंग' हा शब्द आपण कशालाही वापरतो. इथे 'बीट' म्हटलं की पट्टा, काठी आणि निळे वळ डोळ्यांसमोर येतात.

सापळा: घरच्यांनी दुभाषा व्हायचं नाही, आणि मुलाला तर मुळीच करायचं नाही. १९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्याच्या सहाव्या भागाखाली केंद्राचा पैसा घेणाऱ्या खात्यांना इंग्रजी न येणाऱ्या माणसांसाठी भाषेची सोय करावी लागते. "सासूबाई मराठीत बोलतील, दुभाषा बोलवा," एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. हिंदीचा दुभाषा आणला तर "हिंदी चालेल" असं भिडेपोटी म्हणू नका. 'धपाटा' हिंदीत नेताना जे होईल ते तुम्हीच बघा.

आणखी एक. पोलीस अटक करताना 'तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे' वगैरे सांगतात, तसं केसवर्कर सांगत नाही. पण तुम्ही बोललेलं सगळं लिहिलं जातं आणि प्रकरण वाढलं तर काउंटीच्या प्रॉसिक्युटरकडेही (सरकारी वकिलाकडे) जाऊ शकतं. म्हणून विचारलं तेवढंच, खरं आणि थोडक्यात. आपल्या लहानपणी बाबांनी कशी छडी मारली होती आणि म्हणून आपण कसे सरळ झालो, ही कथा त्या दिवशी नको. न्यू जर्सीत स्वतः सहभागी असलेलं संभाषण रेकॉर्ड करता येतं, समोरच्याची परवानगी लागत नाही. तरी सांगून केलेलं बरं, वातावरण बिघडत नाही.

३. मुलाशी शाळेत बोलले तर

हे बहुतेकांना माहीत नसतं. तुम्हाला न विचारता, तुम्हाला कळायच्या आधी, केसवर्कर शाळेत जाऊन मुलाशी बोलू शकते. आमच्याकडे तसंच झालं होतं. संध्याकाळी ती आली तेव्हा तिला 'चटका' हा शब्द पाठ होता.

मुलाला घरी आल्यावर उलटतपासणी करू नका. "काय सांगितलंस? असं का सांगितलंस?" असं चार वेळा विचारलं की पुढच्या भेटीत मूल ते जसंच्या तसं सांगतं: आईनं विचारलं, आई रडली. मग मुलाला पढवलं असा संशय येतो. "तू खरं सांगितलंस ना? छान," इतकंच म्हणा.

४. डॉक्टर आणि अंगावरचे डाग

आपल्या बाळांच्या पाठीवर, कमरेखाली जन्मतः निळसर-करडे डाग असतात. ज्यांना हे माहीत नाही त्यांना ते मार लागल्याच्या खुणेसारखे दिसतात. पहिल्याच तपासणीत पीडियाट्रिशियनकडून ते रेकॉर्डमध्ये लिहून घ्या: कुठे आहेत, केवढे आहेत. लिहायला अर्धा मिनिट लागतो. पाळणाघरात नवी बाई लागली की तिलाही सांगा.

भाजलं, पडलं, कापलं तर लहानसं असलं तरी तारखेसह फोटो काढा, आणि मोठं असेल तर डॉक्टरकडे न्या. आम्ही नेलं नव्हतं. आई घरच्या घरी मलम लावते तसं मी लावलं, आणि नंतर 'उपचार का केले नाहीत' या प्रश्नाला उत्तर देत बसले. वाचवलं ते माझ्या नणंदेला पाठवलेल्या व्हॉट्सॲपनं: "आज स्वारीनं तव्याला हात लावला," खाली फोटो, रात्री आठ पन्नास.

तपासणीला न्या असं सांगितलं तर जा, पण जमेल तर आपल्याच डॉक्टरकडे. सगळ्या वैद्यकीय कागदांची, तुमच्या स्वतःच्या मानसोपचाराच्या नोंदींचीसुद्धा, सरसकट परवानगी देणारा फॉर्म पुढे येऊ शकतो. तो मुलाच्या त्या एका इजेपुरता आणि ठराविक तारखांपुरता करून द्या म्हणावं.

५. सही करण्याआधी

इथे सगळ्यात जास्त माणसं अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या एक-दोन भेटींत 'सेफ्टी प्रोटेक्शन प्लॅन' नावाचा कागद येऊ शकतो. अमुक माणूस मुलाबरोबर एकटा राहणार नाही, किंवा बाबांनी काही दिवस दुसरीकडे राहायचं, अशा अटी असतात. हा कोर्टाचा हुकूम नसतो, तुमच्या संमतीनं होणारा करार असतो. पण नाही म्हणालात तर ते कोर्टात जाऊ शकतात, त्यामुळे 'स्वेच्छा' या शब्दाला इथे जरा वेगळी चव आहे.

आमच्या कागदात होतं की आजी मुलाबरोबर एकट्या राहणार नाहीत. मी पहिलं पान वाचलं, डोळ्यांत पाणी, सही केली. सासूबाईंना सांगायची हिंमत होईना. मी नऊ दिवस सुट्टी टाकून घरी बसले, ह्यांनी रात्रपाळी बदलून घेतली. दहाव्या दिवशी एका मैत्रिणीनं कागद हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, दुसऱ्या पानावर लिहिलंय, कुठलंही दुसरं मोठं माणूस घरात असलं की झालं. आणि सात दिवसांनी पुन्हा बघायचं होतं. तू फोन केलास का?" मी केला नव्हता. सासूबाईंनी तोवर स्वतःच स्वयंपाकघरात यायचं सोडलं होतं. मुलगा पोळी मागायला आला की त्या म्हणायच्या, "आईकडून घे हं राजा."

तर सहीआधी: कुणाला लागू आहे? किती दिवस? पुन्हा कधी बघणार आणि कुणाला फोन करायचा? कोणती वाक्यं गुन्ह्याची कबुली वाटतात? "पालकांनी मारल्यामुळे" असं लिहिलं असेल आणि ते खरं नसेल तर खोडा, किंवा बाजूला "आम्ही हे मान्य करत नाही" असं लिहून सही करा. आणि प्रत हातात पडल्याशिवाय पेन परत द्यायचं नाही.

प्रकरण चालू राहिलं तर 'केस प्लॅन' येतो: पेरेंटिंग क्लास, समुपदेशन, मानसशास्त्रीय तपासणी. क्लास करायला कमीपणा वाटून घेऊ नका. तपासणीला जाण्याआधी मात्र वकिलाशी बोला, कारण तिथे बोललेलं अहवालात उतरतं.

६. कायद्याच्या नजरेत काय चालतं, काय नाही

शाळेत छडी मारायला न्यू जर्सीनं १८६७ मध्येच बंदी घातली. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं राज्य. घरात मात्र मारणं सरसकट बेकायदा नाही. कायद्याचा शब्द आहे 'अतिरेकी शारीरिक शिक्षा'. २०११ च्या एका निकालात राज्याच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं की शिस्त लावताना किशोरवयीन मुलीला मारलेली, वळ किंवा खूण न उमटलेली चापट या शब्दात बसत नाही. याचा अर्थ 'चापट मारा' असा काढू नका. पट्टा, लाटणं, उलथनं, आणि खूण राहील असं काहीही हातात घेतलंत तर तो निकाल तुमच्या उपयोगाचा नाही.

मूल किती वर्षांचं झालं की एकटं ठेवता येतं? न्यू जर्सीच्या कायद्यात वयाचा आकडाच नाही. मूल, वेळ, परिस्थिती, सगळं बघतात. आकडा नसल्यामुळे लोकांना वाटतं चालतं. चालत नाही.

गाडीत ठेवण्याचं उदाहरण तर आपल्या अंगणातलं आहे. २००९ मध्ये साउथ प्लेनफील्डच्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये एका आईनं एकोणीस महिन्यांचं झोपलेलं मूल गाडीत ठेवलं, दहा मिनिटंसुद्धा नाही. दुर्लक्षाचा ठपका बसला. तो काढण्यासाठी ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१५ मध्ये कोर्टानं सांगितलं की सुनावणी न घेता, परिस्थिती न तपासता असा ठपका आपोआप ठेवता येणार नाही. सहा वर्षं गेली त्यात. ओक ट्री रोडवर "मी पटकन कोथिंबीर घेऊन येते" म्हणताना हे आठवा.

७. वकील

तपास चालू असताना सरकार फुकट वकील देत नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि तुमची ऐपत नसेल तर पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसकडून मिळतो. पालकांसाठी त्यांचा वेगळा विभाग आहे. त्यासाठी कोर्टात उत्पन्नाचा फॉर्म भरायचा असतो, त्याला तिथे 'फाइव्ह-ए' म्हणतात. मुलाला स्वतंत्र वकील असतो, त्याला लॉ गार्डियन म्हणतात. तो मुलाचा, तुमचा नव्हे. आणि खात्याकडून राज्याचा डेप्युटी ॲटर्नी जनरल उभा राहतो.

त्याआधी सल्ला हवा असेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीला फोन करा. याच विषयावर पालकांसाठी त्यांची पुस्तिकाही आहे. खाजगी वकील बघताना ग्रीन कार्डवाला किंवा घराच्या व्यवहाराचा चालत नाही. "तुम्ही एफएन केसेस केल्यात का?" असं विचारा. कोर्टात या प्रकरणांचा क्रमांक त्याच अक्षरांनी सुरू होतो, आणि ज्याला ती अक्षरं कळली नाहीत त्याचा नंबर पुसून टाका.

नवरा-बायकोची बाजू वेगळी असेल तर वकीलही वेगळे. आणि घरात नवऱ्याकडूनच मारहाण असेल तर हे सगळं 'घरातल्या घरात' मिटवायला जाऊ नका. दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत १९८५ पासून मानवी ही संस्था काम करते, तिथे बोला.

८. मूल नेलं तर

देव करो आणि वेळ न येवो, पण वाचून ठेवा. जीवाला किंवा प्रकृतीला तातडीचा धोका आहे असं वाटलं तर कोर्टाच्या आदेशाशिवायही मूल नेता येतं. त्याला इथे 'डॉड रिमूव्हल' म्हणतात, ज्या सिनेटरनं कायदा आणला त्याच्या नावावरून. त्यानंतर कोर्टाच्या कामकाजाच्या दोन दिवसांत जजसमोर सुनावणी व्हावीच लागते. शुक्रवारी संध्याकाळी नेलं तर शनिवार-रविवार मोजत नाहीत.

त्या क्षणी भांडू नका, मुलाला ओढू नका. हे करा: कुठे नेताय, सुनावणी कधी, कुठल्या कोर्टात, हे लिहून घ्या. मिडलसेक्स काउंटीत असाल तर न्यू ब्रन्सविकचं फॅमिली कोर्ट. मुलाचं औषध, ॲलर्जी, चष्मा, जवळ घेऊन झोपायची गोधडी बरोबर द्या. शाकाहारी असेल तर तसं कागदावर लिहून द्या, 'अंडं चालतं का' हेसुद्धा. आणि लगेच नातेवाइकांची यादी द्या. मामा, काकू, जवळची मैत्रीण, अगदी दुसऱ्या राज्यातली आतेबहीणसुद्धा. खात्याला नातेवाईक शोधावेच लागतात, आणि राज्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनं नातलगांकडे ठेवण्यावर जास्त भर आलाय. आपली माणसं इथे गप्प बसतात, 'लोकांना कळेल' म्हणून. लोकांना कळू दे. मूल अनोळखी घरात झोपण्यापेक्षा बरं.

त्यापुढे भेटी ठरतात, त्यांतली एकही चुकवू नका. कोर्टाची पायरी साधारण अशी: काही महिन्यांत आरोप खरे की खोटे याची सुनावणी, आणि बारा महिन्यांच्या आत मुलाचं कायमचं काय, यावर सुनावणी. १९९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार मूल बावीसपैकी पंधरा महिने फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दुसऱ्या घरी, राहिलं तर, काही अपवाद सोडून, खात्याला पालकत्वच संपवण्याचा अर्ज करावा लागतो. म्हणून 'तारीख पे तारीख' हा आपला अनुभव इथे घात करतो. पालकत्व तोडायचं असेल तर मात्र सरकारला 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुरावा लागतो. हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्ये ठरवलं.

९. व्हिसा, पासपोर्ट आणि 'भारतात निघून जाऊ'

आमच्या घरी पहिल्या रात्री हे बोलणं झालंच. सासऱ्यांचा पुण्याहून फोन: "उद्याचं तिकीट काढा, या निघून." असं करू नका. भारत मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात नाही, हे इथल्या जजना चांगलं माहीत असतं. त्यामुळे भारतीय कुटुंबाचं तिकीट दिसलं की पासपोर्ट जमा करा असा हुकूम येऊ शकतो. कोर्टाचा आदेश असताना मूल नेलंत तर तो वेगळा गुन्हा.

डीसीपी अँड पी हे इमिग्रेशन खातं नाही, आणि त्यांचा ठपका म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे. खरा धोका फौजदारी खटल्याचा. मुलांवरचा अत्याचार किंवा दुर्लक्ष या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढता येतं. "छोटासा गुन्हा कबूल करा, दंड भरून मोकळे व्हा," असं कुणी म्हटलं तर आधी इमिग्रेशन वकील. २०१० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार कबुलीचा व्हिसावर काय परिणाम होईल हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे. ते त्याच्याकडून लिहून मागा.

मूल भारतीय नागरिक असेल तर न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटला कळवा. मूल इथे जन्मलेलं असेल तर ते अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डानं नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे कॉन्सुलेटच्या हातात फार काही नसतं.

१०. जवळ ठेवायची फाइल

जन्मदाखला आणि पासपोर्टच्या प्रती. लसीकरणाची नोंद, डॉक्टरच्या भेटींचे कागद, डागांची नोंद. शाळेची हजेरी आणि प्रगतिपुस्तक. इजेचे फोटो तारखेसह. तुमच्याबद्दल चांगलं सांगतील अशा तीन-चार माणसांचे फोन. केसवर्कर त्यांना खरंच फोन करते. केसवर्करचं कार्ड. आणि एक साधी वही: कोण आलं, किती वाजता, काय विचारलं, काय सांगितलं, कोणता कागद दिला. माझी वही मुलाच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर होती. चालते.

११. निकालाचं पत्र

तपास साधारण साठ दिवसांत संपवायचा असतो, मुदत वाढूही शकते. मग पत्र येतं, साध्या टपालानं, जाहिरातींच्या गठ्ठ्यात. फेकू नका. त्यात चारांपैकी एक शब्द असतो.

'सबस्टँशिएटेड': आरोप सिद्ध आणि गंभीर. नाव राज्याच्या नोंदीत जातं, शाळा-पाळणाघरातली नोकरी, दत्तक घेणं, सगळीकडे आडवं येतं. विरोध करायला वीसच दिवस मिळतात, पत्र हातात पडल्यापासून. 'एस्टॅब्लिश्ड': सिद्ध, पण तितकं गंभीर नाही, नोकरीच्या तपासणीत दिसत नाही, खात्याच्या नोंदीत राहतं. 'नॉट एस्टॅब्लिश्ड': ऐकायला सुटका वाटते, पण याचा अर्थ मुलाला काहीतरी अपाय झाल्याचा थोडाफार पुरावा आहे, कायद्याच्या व्याख्येत मात्र बसत नाही. यालाही आव्हान देता येतं. २०२० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की असा शेरा मारताना पालकांना आधार काय ते नीट सांगायला हवं आणि त्यांचं म्हणणं ऐकायला हवं. 'अनफाउंडेड': काही नाही, संपलं.

आमचं पत्र गुरुवारी आलं. अनफाउंडेड. मी सासूबाईंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग उठून कणीक मळायला घेतली. मुलगा ओट्याशी येऊन उभा राहिला. त्या "लांब हो" म्हणाल्या, आणि पुढचा शब्द तोंडातच ठेवून माझ्याकडे बघितलं.